अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, सेंट हेलेना ते असेन्शन: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

काम ठरलं. दोन विमानतळ निवडले की त्यांच्यामधलं अंतर आणि उड्डाणाचा अंदाजे वेळ मराठीत दिसायला हवा. सरांच्या भूगोल मंडळातल्या मुलांसाठी आहे. अशी गणकयंत्रं ढिगाने मिळतात, हे सरांनाही माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, "अरे, ती उत्तर देतात आणि मोकळी होतात. मुलांनी 'असं का?' विचारलं की मी काय सांगू?"

मुंबई-दिल्लीवर चाचणी घेण्यात राम नाही. मोठे विमानतळ, दर तासाला उड्डाणं, लांबलचक धावपट्ट्या. कुठलंही सूत्र लावा, उत्तर बरंच दिसतं. म्हणून मुद्दाम आडबाजूचे विमानतळ घेतोय. पहिली जोडी सरांनीच दिली: लक्षद्वीपचा अगत्ती आणि अंदमानचा पोर्ट ब्लेअर. दोन्ही आपलेच, दोन्ही बेटांवर, एक अरबी समुद्रात तर दुसरा पार बंगालच्या उपसागरापलीकडे. दुसरी जोडी माझी: दक्षिण अटलांटिकमधली सेंट हेलेना आणि असेन्शन ही बेटं. शाळेत नेपोलियनच्या धड्यात सेंट हेलेना भेटलं होतं, त्यानंतर थेट आत्ता.

५ जानेवारी

अंतराचा भाग झाला. हॅव्हरसाईन सूत्र वापरलं. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, फरकांच्या निम्म्याचे साईन काढून वर्ग करायचे, रेखांशाच्या बाजूला दोन्ही अक्षांशांचे कोसाईन लावायचे, बेरजेच्या वर्गमुळावरून पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि त्याला ६,३७१ किमी या सरासरी त्रिज्येने गुणायचं. कागदावरही जमतं. साध्या कोसाईन सूत्रानेही हेच येतं, पण ठिकाणं फार जवळ असली की त्यात कोसाईन १ ला चिकटतो आणि दशांश हातचे निसटतात. पुढे एक अगदी जवळची जोडी घ्यायची आहे, म्हणून हॅव्हरसाईनच.

अगत्ती (१०.८२ उत्तर, ७२.१८ पूर्व) ते पोर्ट ब्लेअर (११.६४ उत्तर, ९२.७३ पूर्व): २,२४३ किमी.

सेंट हेलेना (१५.९६ दक्षिण, ५.६५ पश्चिम) ते असेन्शन (७.९७ दक्षिण, १४.३९ पश्चिम): १,३०१ किमी, म्हणजे ७०३ सागरी मैल.

दक्षिण आणि पश्चिम ऋण धरायचे, हे मुलांना सांगताना फळ्यावर आकृती काढावीच लागेल. अक्षांश चार दशांशांपर्यंत ठेवले असले तरी पडद्यावर किलोमीटर पूर्णांकातच दाखवणार. विमानतळाचा संदर्भबिंदू साधारण धावपट्टीच्या मध्याजवळ असतो, आणि अगत्तीची धावपट्टीच सुमारे १,२०० मीटर लांब आहे. मग '२,२४३.१७ किमी' छापून कुणाला फसवायचं?

६ जानेवारी

भाचीला घेऊन पृथ्वीगोलावर पडताळणी. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे घेर सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटरला साधारण ४२५ किमी. दोरा अगत्तीवर धरला तर बोटाखाली अख्खं लक्षद्वीप गेलं. पोर्ट ब्लेअरपर्यंत ताणून पट्टीवर ठेवला: सव्वापाचच्या किंचित पुढे. सेंट हेलेना ते असेन्शन तीन सेंटिमीटर. तिथे ठिपक्यापेक्षा बेटाचं नावच मोठं छापलंय, आणि ते नाव इतकं पसरलंय की दोरा 'से' पासून मोजायचा की 'ना' पासून यावर आमचा वाद झाला. शेवटी भाचीने टाचणीने ठिपका शोधला.

ताणलेला दोरा आपोआप गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवर, म्हणजे बृहद्‌वृत्तावर बसतो, हे सूत्रापेक्षा दोऱ्याने लवकर पटतं. अगत्तीहून निघालेली ही रेषा कोझिकोडच्या थोडी दक्षिणेकडून केरळात शिरते, कोइम्बतूरच्या उत्तरेकडून नामक्कलजवळून जाते आणि चिदंबरमच्या जरा खाली किनारा सोडते. मध्यावर ती सपाट नकाशावर सरळ जोडलेल्या रेषेपेक्षा साधारण २० किमी उत्तरेला फुगते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ फुगवटा एवढाच. मुंबई-न्यूयॉर्कला तो ध्रुवाकडे वर चढतो तसा इथे दिसणार नाही.

भाचीचा प्रश्न: "मामा, दोन्हीकडे घड्याळ एकच का?" भारतीय प्रमाणवेळ एकच म्हणून. पण दोन्ही विमानतळांच्या रेखांशात साडेवीस अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य पोर्ट ब्लेअरला अगत्तीपेक्षा सुमारे ८२ मिनिटं आधी माथ्यावर येतो. वेळेचा हिशेब घड्याळाचा, उजेडाचा नाही, अशी टीप पडद्यावर टाकतोय.

१० जानेवारी

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी धरून दोन्ही अंतरं पुन्हा काढली. अगत्ती-पोर्ट ब्लेअर जवळपास तीन किमीने वाढलं, सेंट हेलेना-असेन्शन दोनेक किमीने घटलं. उलटसुलट वाटतं, पण कारण सरळ आहे. विषुववृत्तापाशी रेखांशाचा एक अंश १११.३२ किमी भरतो आणि अक्षांशाचा ११०.५७. पूर्व-पश्चिम जाणारी जोडी त्यामुळे लांबते; दुसरी जोडी वायव्येकडे, ३१२ अंशांच्या दिशेने जाते, तिच्यात उत्तर-दक्षिण वाटाही बराच, म्हणून ती आखडते. आपल्या कामाला गोलच पुरे. विमान वाटेत एखाद्या ढगाला वळसा घालतं त्यातच यापेक्षा जास्त किलोमीटर जातात.

१२ जानेवारी

वेळ. इथून खरं काम सुरू होतं.

पहिला आराखडा: अंतर भागिले ताशी ८३० किमी, अधिक ३० मिनिटं. ८३० हा जेट विमानाचा वरच्या थरातला स्थिर वेग. ३० मिनिटं टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून सरकणं), चढण आणि उतरण यांची. विमान कंपन्या वेळापत्रकात ब्लॉक टाइम देतात, म्हणजे चाकांचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. प्रवाशाला हवेतला वेळ कमी आणि छापलेला जास्त दिसतो तो यामुळे.

दिल्ली-लेह: ६२० किमी, उत्तर सव्वा तास. वेळापत्रकाशी जुळतंय. पण लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर, भोवती डोंगर. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो, दुपारी ऊन वाढलं की दोन्ही आणखी कमी, शिवाय खोऱ्यातला वारा उठतो. म्हणून तिथली नागरी उड्डाणं मुख्यतः सकाळची. सव्वा तासाचं उत्तर बरोबर, पण दुपारी चारला निघायचं म्हणणाऱ्याला ते निरुपयोगी.

मग मुद्दाम दुसरं टोक: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरची वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत लहान नियमित विमानफेरी. अंतर पावणेतीन किमीच्या आसपास. माझ्या आराखड्याने अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांगितला. वेळापत्रकात दोन मिनिटं आहेत, आणि विक्रम ५३ सेकंदांचा! तिथे उडतं ते ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पंखेवाल्या इंजिनांचं छोटं विमान. त्याला ना दहा किलोमीटर उंची गाठायची, ना रांगेत थांबायचं.

तेव्हा ८३० आणि ३० हे आकडे सूत्राचे नाहीत, विमानाचे आहेत. तक्त्यात आता विमानाचा प्रकार हा वेगळा रकाना: मोठं जेट, छोटं जेट, टर्बोप्रॉप (टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्यांचं), बेटांवरचं छोटं विमान.

१७ जानेवारी

अगत्ती-पोर्ट ब्लेअरला जेटचा हिशेब लावला तर तीन तास बारा मिनिटं येतात. छान दिसतं. फक्त हे उड्डाण होऊ शकत नाही.

अगत्तीची धावपट्टी बेटाच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या शेपटावर आहे. दोन्ही बाजूंना पाणी, लांबी सुमारे १,२०० मीटर. एअरबस ए३२० ला पूर्ण वजनाने उडायला दोन किलोमीटरच्या घरात धावपट्टी लागते. म्हणून अगत्तीला एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप विमानं जातात. एटीआर तिथे उतरतं, उडतं, पण भरल्या प्रवाशांसह त्याचा पल्ला साधारण दीड हजार किलोमीटरचा. पोर्ट ब्लेअर २,२४३ वर. जे विमान उतरू शकतं ते पोचू शकत नाही, आणि जे पोचू शकतं ते उतरू शकत नाही. सरांना हे वाक्य फारच आवडलं, फळ्यावर लिहिणार म्हणाले.

मग प्रत्यक्षात लोक कसे जातात? अगत्ती-कोची ४६८ किमी, कोची-चेन्नई ५१८, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १,३७३. एकूण २,३५९. हा आकडा बघून मीच चमकलो. थेट रेषेपेक्षा फक्त ११६ किमी जास्त, म्हणजे जेमतेम पाच टक्के वळसा. चेन्नई जवळपास वाटेवरच पडतं.

पण वेळ? कोचीपर्यंत एटीआर, ताशी ५०० च्या हिशेबाने सव्वा ते दीड तास. कोची-चेन्नई सव्वा तास. चेन्नई-पोर्ट ब्लेअर सव्वादोन तास. हवेतली बेरीज पाच तासांच्या आसपास, आणि तरी अगत्तीहून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी अंदमानात पोचेल याची खात्री नाही. पोर्ट ब्लेअरचा तळ नौदलाचा, आयएनएस उत्क्रोश. नागरी टर्मिनल त्याच्या शेजारी, धावपट्टी सामायिक. तिथली बरीचशी उड्डाणं दिवसाच्या पूर्वार्धात आटोपतात. मधे चेन्नईत मुक्काम धरायचा.

(नावाचं ठरलं: विमानतळ वीर सावरकर आंतरराष्ट्रीय. शहर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. शोधताना दोन्ही नावं चालतील अशी सोय केली.)

२४ जानेवारी

सेंट हेलेनावर आठवडा गेला, पण सोडवत नव्हतं.

बेट १२२ चौरस किमी, वस्ती साडेचार हजारांच्या आत. नेपोलियनला १८१५ मध्ये इथे आणून ठेवलं ते पळून जाता येऊ नये म्हणून, आणि परवापरवापर्यंत परिस्थिती तीच होती: विमानतळच नव्हता. केप टाउनहून 'आरएमएस सेंट हेलेना' ही टपालबोट पाच-सहा दिवसांनी पोचायची. तिचा वेग सुमारे १५ नॉट, म्हणजे तासाला १५ सागरी मैल. ७०३ भागिले १५ केलं तर असेन्शनला ४७ तास, दोन दिवस. पडद्यावर 'जहाजाने' असा पर्याय नव्हता, या जोडीसाठी घातला.

विमानतळ बांधला तो पूर्वेकडच्या प्रॉस्परस बे प्लेनवर. सपाट जागा पुरेना, म्हणून ड्राय गट नावाची घळ सुमारे ८० लाख घनमीटर भराव टाकून बुजवली. खर्च २८.५ कोटी पौंड. धावपट्टी १,९५० मीटर, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, कड्याच्या काठाला. एप्रिल २०१६ मध्ये बोईंग ७३७-८०० ने चाचणी उड्डाण केलं आणि उत्तरेकडून उतरताना वाऱ्याने त्याला चांगलंच हलवलं. आग्नेय व्यापारी वारे वर्षभर त्या कड्यावर आदळतात, वर चढतात, फुटतात. काही सेकंदांत वाऱ्याचा वेग आणि दिशा पालटते. याला विंड शिअर म्हणतात. मे २०१६ चं उद्घाटन लांबलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' अशी पदवीही बहाल करून टाकली, ती घाई होती असं माझं मत. लहान विमान आणलं की प्रश्न सुटण्यासारखा होता आणि तसाच सुटला: १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून एअरलिंक कंपनीचं एम्ब्रायर १९० पहिलं नियमित उड्डाण घेऊन आलं. ९९ आसनांचं विमान, पण वजनाच्या मर्यादेमुळे सुरुवातीला प्रवासी ७६ च. बोट फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटची फेरी करून निवृत्त झाली.

आता आपल्या सूत्राचं काय होतं बघा. जोहान्सबर्ग-सेंट हेलेना ३,६८१ किमी. ८३० ने भागून अर्धा तास मिळवला की पाच तासांत बसवता येतं. प्रत्यक्षात जाताना विमान नामिबियात वॉल्व्हिस बेला इंधनासाठी उतरतं. तिथून बेट २,२६३ किमी. पल्ला पुरत नाही म्हणून नाही; वर पोचल्यावर वाऱ्याने उतरूच दिलं नाही तर काय, म्हणून. पुणे नाही तर मुंबई, मुंबई नाही तर अहमदाबाद, असं तिथे चालत नाही. सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे असेन्शन, १,३०१ किमी दूर, दीड तासापेक्षा जास्त. जवळ पर्यायी विमानतळ नसलेल्या अशा एकाकी ठिकाणासाठी आंतरराष्ट्रीय नियमातच वेगळा हिशेब आहे: बेटावर पोचल्यानंतर दोन तास नेहमीच्या वेगाने उडता येईल इतकं इंधन शिल्लक हवं. वर दोनच इंजिनं, म्हणून एक बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत कुठेतरी उतरता आलं पाहिजे; त्यासाठी एअरलिंकला १२० मिनिटांची ईटॉप्स परवानगी घ्यावी लागली. येताना समोर अख्खी आफ्रिका असते, त्यामुळे परतीचं विमान थेट जोहान्सबर्गला जाऊ शकतं. अंतर तेच, विमान तेच, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा.

असेन्शनची गोष्ट उलटी. वाइडअवेक धावपट्टी १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने युद्धासाठी बांधली. आता तीन किलोमीटरहून लांब, एकेकाळी अमेरिकेच्या अवकाश शटलसाठी आणीबाणीची उतरण्याची जागा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची व्हल्कन बॉम्बफेकी विमानं इथूनच ६,००० किमीपलीकडे गेली, हवेतल्या हवेत इंधन भरत. धावपट्टी भरपूर, पण बेटावर मुळातले रहिवासी असे कुणीच नाहीत. कामावर आलेले लोक, आणि पाहुण्याला आधी प्रवेशपरवाना.

आपल्या जोडीसाठी: १,३०१ भागिले ८३०, चौऱ्याण्णव मिनिटं, अधिक अर्धा तास. दोन तास चार मिनिटं. दोन्हीकडे ग्रीनिच वेळ, घड्याळाला हात लावायला नको. हे उत्तर खरं ठरतं, उड्डाण दोन तासांच्या घरातच होतं. फक्त ते महिन्यातून एकदा असतं. कुठल्याही दिवशी निघायचं ठरवलं तर सरासरी पंधरा दिवसांची वाट, तेवढ्यात जुन्या बोटीच्या सात फेऱ्या झाल्या असत्या.

पडद्यावर नवा रकाना: 'पुढचं उड्डाण केव्हा'. यात आपोआप भरणारं काही नाही, हाताने भरायचं आणि बाजूला तारीख टाकायची.

३१ जानेवारी

वारा. सरांनी विचारलं, सेंट हेलेनाहून असेन्शनला जाताना आग्नेय वारे पाठीशी असतात, मग वेळ कमी लागायला हवा ना? जहाजाला लागायचाच. विमानाला तसं म्हणता येत नाही, कारण व्यापारी वाऱ्यांचा थर खालचे दोनेक किलोमीटर, आणि विमान दहा-अकरा किलोमीटरवर. वर वेगळं राज्य.

आपल्याकडचं उदाहरण तर हातातच आहे. पावसाळ्यात जमिनीवर वारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि त्याच वेळी दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा झोत वाहत असतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडलेला हाच तो पूर्वेकडून येणारा उष्णकटिबंधीय झोत. त्याचा गाभा विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर, पण खालीही ओढ जाणवते. विमानाच्या पातळीवर समजा ताशी ६० किमी धरला: पोर्ट ब्लेअरहून अगत्तीकडे वेग ८९०, हवेत दोन तास एकतीस मिनिटं, उलट दिशेने ७७०, दोन तास पंचावन्न. जमिनीवर छत्री जिकडे उलटते त्याच्या विरुद्ध बाजूला विमानाला फायदा. थेट विमान नाही म्हणून हे कागदावरच, पण चेन्नई-पोर्ट ब्लेअरला लागू आहेच.

वाऱ्याचा सरकपट्टी-पर्याय दिला, शून्यापासून दोन्ही बाजूंना शंभरपर्यंत. मुलं तो ओढत बसतील याची खात्री आहे.

७ फेब्रुवारी

मंडळात दाखवलं. आता पडद्यावर क्रमाने: सरळ अंतर; कोणतं विमान दोन्ही टोकांना उतरू शकतं; त्या विमानाने हवेतला वेळ; आज तशी सेवा आहे का; नसेल तर कुठून कुठून आणि पुढचं उड्डाण केव्हा. दुसरा मुद्दा आधी पहिल्या ओळीत होता. सर म्हणाले, "अंतर वर राहू दे रे, मुलांना तेवढंच हवं असतं. बाकीचं त्यांनी खाली येऊन वाचावं."

एका मुलीने लगेच लेह-अगत्ती टाकलं. २,६४९ किमी, जेटने तीन तास एक्केचाळीस मिनिटं, आणि खाली तांबड्या अक्षरांत 'दोन्हीकडे उतरणारं विमान नाही'. लेहला उंचीसाठी जोरदार जेट हवं, अगत्तीला आखूड धावपट्टीसाठी टर्बोप्रॉप. विमान मधे बदलायचंच. सध्या ते कोचीत धरलंय. बेंगळुरूहून धरलं तर दिल्लीकडची सकाळची जोडणी सोपी पडते का, ते पुढच्या आठवड्यात वेळापत्रक समोर ठेवून बघतो. लेहची उड्डाणं सकाळी संपतात, त्यामुळे रकान्यात वार पुरणार नाही, तासही लागणार.